रक्तातली बुरशी आणि मायचा हात

माझी माय लोणच्याच्या बरणीजवळ कुणाला फिरकू द्यायची नाही. अमडापूरच्या आमच्या घरात बरणी फडताळाच्या वरच्या कप्प्यात असायची आणि तिला हात लागायचा तो फक्त मायचा. लोणचं काढायच्या आधी ती हात धुवायची, पुसायची, वर चुलीपुढे धरून शेकायची. आम्ही भावंडं हसायचो. ती म्हणायची, "हासा, हासा. ओला हात लागला का बुरशी आलीच समजा." तिच्या बरणीत बुरशी आलेली मी कधी पाहिली नाही. शेजारच्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि मनातल्या मनात जळायच्या.

हे आधी सांगते, कारण मला झालेला आजार तोच होता. माझ्या रक्तात बुरशी झाली होती. ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही वाटलं. मी त्यातून वाचले. उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी चिखलीत शिवण क्लास चालवते, ब्लाऊज शिवते, त्यामुळे डोळा जाणं म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण डोळ्याचं दुःख मला आता तेवढं नाही. ज्याचं आहे ते पुढे येईलच.

ज्यांच्या घरात कुणी दंडात, मानेत, छातीत नळी घेऊन दवाखान्यातून परत आलं आहे, त्यांनी हे वाचावं. पुस्तकातलं डॉक्टर सांगतीलच, मी घरातलं सांगते.

दंडातली नळी

होळीच्या आसपास माझ्या आतड्याला छिद्र पडलं. मशीनवर बसले होते, पोटात अशी कळ आली की पायडलवरचा पाय उचलता येईना. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत, ते शाळा सोडून धावत आले. चिखलीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि संभाजीनगरला पाठवलं. तिथे ऑपरेशन झालं, पोटातला पू काढला. मी थोडक्यात बचावले असं सगळे म्हणाले. मला तेव्हा ते खरं वाटलं होतं.

औषध बरेच दिवस शिरेतून द्यायचं होतं आणि माझ्या हातांच्या शिरा तोवर दमल्या होत्या. सिस्टर सुई घालायची, शीर फुगायची, सुई काढायची, पुन्हा दुसरीकडे शोधाशोध. शेवटी दंडातून एक बारीक, लांब नळी आत सरकवली. तिचं आतलं टोक थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं म्हणे. बाहेर बोटभर तुकडा, त्याला छोटं झाकण, वरून चिकट पट्टी. घरी सोडताना सिस्टरने बजावलं, "ही फक्त दवाखान्यातच उघडायची, घरी कुणी हात लावायचा नाही." मी मान हलवली. मला वाटलं, उघडली तर रक्त येत असेल. आत काही जाऊ शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि तिनेही फोडून सांगितलं नाही.

चिखलीच्या दवाखान्यात रोज जाऊन मी इंजेक्शनं पुरी केली. नळी काढायला पुढच्या आठवड्यात संभाजीनगरला बोलावलं होतं. तेवढ्यात अमडापूरहून दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. माय ऐकत नाही, शोभाला चार दिवस पाठवा म्हणते. आमच्याकडे बाळंतपण असो का ऑपरेशन, बाई जरा उठून बसू लागली की तिने माहेरी जायचं. न नेलं तर माहेरच्यांना गाव नावं ठेवतं. मलाही जायचं होतंच. सासरी कितीही चांगलं असलं तरी तिथे आजारी माणूस लवकर बरं होऊन उठतं, कारण उठावं लागतं.

पिवळी बाटली

मायने मला दारातच पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "पाय बरं, कशी झाली माही पोरगी! लाकूड झालं लाकूड."

दोन दिवस तिने खाऊ घातलं, पण मला घास जात नव्हता. मग तिच्या डोक्यात आमच्या भागातला सगळ्यात मोठा इलाज आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे सलाईन हे आजाराचं औषध नाही, ते ताकदीचं औषध आहे. शेतात पिकाची सोंगणी झाली, अंग मोडून आलं, बाटली लावा. लग्नघरात जागरण झालं, बाटली लावा. त्यात एक व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळी बाटली म्हणजे तर काय, अमृतच. ज्या डॉक्टरने बाटली न लावता नुसत्या गोळ्या दिल्या त्याला गावात कुणी डॉक्टर म्हणत नाही.

"गावातल्या डॉक्टरले बलावलं मी," माय म्हणाली. "दोन बाटल्या लावू. तुह्या हातात नळी हायेच, तं टोचाचं बी काम नाई."

"माय, ती नळी दवाखान्यातच उघडायची म्हणत होती सिस्टर."

"मंग हे डॉक्टर काय ढोरं पायते का? काऊन भेते वं? तुले काही दुखनार नाई, माही गॅरंटी."

दुखणार नाही, या एका शब्दाला मी भुलले. इतक्या सुया खाल्ल्या होत्या की न टोचता औषध म्हणजे मला चैन वाटली. मी हात पुढे केला.

डॉक्टर आले, खुंटीला बाटली टांगली, नळीचं झाकण काढलं. ते बारीकसं झाकण त्यांच्या बोटांतून निसटून गोधडीत पडलं. मायनेच शोधलं. ती नुकतीच गोठ्यातून आली होती. तिने झाकण उचललं, फुंकर मारली, पदराने छान पुसलं आणि बाटली संपेपर्यंत मुठीत जपून धरून बसली. मग दुसरी बाटली. ती संपल्यावर ते झाकण पुन्हा पदराने पुसून तिनेच डॉक्टरांच्या हातात दिलं. आमची नाकं, पाट्या, पेरू, देवाच्या मूर्ती, सगळं तिने आयुष्यभर त्याच पदराने पुसलं होतं. मला तर ते पाहून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी थोडी भाकर खाल्ली आणि माय गल्लीभर सांगत फिरली, "बाटलीनं फरक पडला बाप्पा!"

ताप

माहेराहून परतले आणि हुडहुडी भरली. चैतातल्या उन्हात तीन पांघरुणं घेऊनही दात वाजत होते. मलेरिया पाहिला, टायफॉईड पाहिला. चिखलीत अँटिबायोटिक सुरू केलं. ताप सकाळी उतरायचा, आम्ही आशा करायचो, दुपारी पुन्हा चढायचा. शेवटी पुन्हा संभाजीनगर.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या आणि तापातही माझ्या मनात यायचं, बाई, दोन इंच आत घेऊन देते. त्यांनी रक्त घेतलं, एकदा नळीतून आणि एकदा दुसऱ्या हातातून, आणि वेगवेगळ्या बाटल्यांत घातलं.

"रिपोर्ट केव्हा?" ह्यांनी विचारलं.

"हे लगेच होत नाही. रक्तात काही जिवंत असेल तर ते बाटलीत वाढू द्यावं लागतं, मग कळतं ते काय आहे."

मला समजलं. विरजण लावल्यासारखंच हे, घाई करून दही लागत नाही. पण घरच्यांना समजेना. एवढा मोठा दवाखाना आणि एक रक्ताचा रिपोर्ट निघत नाही? फोनवर फोन. वाट पाहण्याचे ते दिवस आजारापेक्षा वाईट गेले. आज कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगते: नळी आहे, पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटत नाही, तर डॉक्टरांना सरळ विचारा, "बुरशीचं पाहिलं का?" विचारल्याने कुणी रागावत नाही. आणि रागावलं तर रागावू द्या.

एका सकाळी डॉक्टरबाई आल्या त्या खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर उभे राहून बोलतात तोवर ठीक असतं, बसले की समजावं.

"शोभाताई, तुमच्या रक्तात बुरशी वाढली आहे."

मी म्हटलं, "बुरशी लोणच्यावर येते."

त्या हसल्या नाहीत. "त्याच जातीतली. एरवी ती आपल्या कातडीवर, आतड्यात असते, काही करत नाही. रक्तात शिरली की जिवावर बेतते. तुम्हाला चालू असलेलं औषध तिच्यावर चालत नाही, दुसरं सुरू करते. नळी आत्ताच काढायची. आणि डोळे तपासायचे." मग त्यांनी विचारलं, "घरी कुणी नळी उघडली होती का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, बाटल्या, झाकण, पदर, सगळं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "नक्की असं सांगता येत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर आतूनही येऊ शकते. पण नळी उघडली ते चांगलं झालं नाही."

त्या गेल्या आणि मी रडले. मरणाची भीती होतीच, ती नंतर रोज होती. पण पहिलं रडू मायसाठी आलं. मी ह्यांचा हात धरून म्हटलं, "मायले हे सांगू नका. शपथ हाये तुम्हाले."

दवाखाना

नवं औषध चढायला लागलं की अंग थरथरायचं. भूक नाही, झोप नाही. दर काही दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचे, पुन्हा बाटलीत घालायचे, आणि पुन्हा वाट. रक्त स्वच्छ आलं की तिथून पुढे औषधाचे दिवस मोजायला सुरुवात होणार होती, आणि ते स्वच्छ येत नव्हतं. शेजारच्या खाटेवरची बाई एका सकाळी नव्हती. चादर बदललेली होती.

डोळ्यांचे डॉक्टर आले, थेंब टाकले, टॉर्च मारली. मला दिसत होतं, फक्त उजवीकडे कापसाचं बोंड तरंगल्यासारखं काहीतरी होतं. बुरशी तिथे पोचली होती. डोळ्यात इंजेक्शन देतात हे मला तेव्हा कळलं. कुणालाही हे कळायची वेळ येऊ नये. बोंड मोठं होत गेलं आणि मग तिकडे नुसता पांढरा धुरळा उरला.

चांगलंही सांगते, नाहीतर वाचणारा घाबरेल. एक सिस्टर दुपारी काम आटोपलं की माझ्या केसांच्या दोन वेण्या घालून द्यायची, शाळेतल्या मुलीसारख्या. गुंता काढताना ती इतकं हळू ओढायची की त्या वेळात मी मरणार नाही असं वाटायचं. माझी मुलगी पूजा कॉलेज सोडून माझ्यापाशी राहिली. ज्या पोरीला पोळी जमत नव्हती, ती माझं अंग पुसायला शिकली. आणि एक दिवस डॉक्टरबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "रक्त स्वच्छ आलं." त्या बसल्या नाहीत, यातच मी सगळं ओळखलं.

घर

मी चिखलीला परत आले ती अर्धी होऊन. सुईत दोरा जाईना. एक डोळा गेला की सुईचं भोक समोर असूनही तिथे नसतं, दोरा बाजूने निघून जातो. क्लासच्या मुली मुकाट्याने ओवून द्यायच्या. त्यांचं मुकाट्याने ओवणं मला सहन व्हायचं नाही.

घरात सासर-माहेर पेटलं होतं. ह्यांनी शपथ पाळली, मायला शब्दाने बोलले नाहीत, पण नेमकं तेच वाईट झालं. ते तिच्याशी काहीच बोलत नसत. ती फोनवर आली की उठून अंगणात जात. मी एकदा म्हटलं, "तिनं मुद्दाम केलं का?" ते म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर भांडलो तरी असतो."

मायला आम्ही सांगितलं होतं, जंतू झाले होते, डोळ्यात उतरले. पण पूजाला या लपवाछपवीचं कुणी नीट समजावलं नव्हतं. आजीने फोनवर खोदून विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, "अवं आजी, जंतू नाई, बुरशी होती रक्तात."

पूजा सांगते, आजीला लगेच नळी आठवली. तिने विचारलं, "नयीतून गेली?" पोरगी म्हणाली, "मले काय कयते?" आजीने फोन ठेवला.

मायने मला यातलं काही विचारलं नाही. ती चिखलीला आली, माझ्यापाशी राहिली. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालं होतं, नजर स्वच्छ होती. सकाळी ती माझ्या दिवसभराच्या सुया ओवून ठेवायची. पण आधी हात धुवायची. साबणाने, कोपरापर्यंत. ताट वाढायच्या आधी, कपड्याला हात लावायच्या आधी, दार उघडल्यावर. तिची बोटं भेगाळली, त्यातून रक्त येऊ लागलं. त्या वर्षी तिने लोणचं घातलं नाही. "औंदा आंबे बराबर नाई," म्हणाली. आंब्याला त्या वर्षी काही झालेलं नव्हतं.

आणि ती मला हात लावत नसे. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. जाता-येता पाठीवर थाप मारणारी, ताप पाहायला कपाळ चाचपणारी, तोंड पुसणारी माझी माय. आता सुई द्यायची तरी पाटावर ठेवायची आणि बाजूला व्हायची.

दुपार

पुढच्या उन्हाळ्यात, माय अमडापूरला परतली होती तेव्हा, तिला उलट्या-जुलाब लागले. दादाने तिला चिखलीच्या दवाखान्यात आणलं. अंगातलं पाणी गेलं होतं, ओठ फाटले होते. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावावंच लागेल. आणि जिने अख्ख्या गल्लीला बाटल्या लावायला लावल्या, ती हात देईना. दोन्ही हात गोधडीत घेऊन पडली. दादा रागावला, रडला. सिस्टरने धरून सुई लावली तर तिने ती उपटली. चमच्याने पाणी पाजलं तर टिकेना. शुद्ध हरपल्यावर बाटली लागली, पण तोवर उशीर झाला होता. ती गेली.

नवी सुई, नवी नळी, दवाखान्यातले स्वच्छ हात, असं असताना बाटलीने तिचं काही वाईट झालं नसतं. उलट भलंच झालं असतं. बाटली वाईट नसते हो. उघडी राहिलेली वाट वाईट असते. हे मी तिला सांगितलं. ती शुद्धीत होती त्या दुपारी सांगितलं.

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "माय, लावू दे न वं बाटली. माह्यासाठी."

"नोको."

"तुह्यानं काही झालं नवतं. डॉक्टरीनबाईनं मले तोंडावर सांगतलं, नक्की नाई सांगता येत म्हने. माह्या पोटातूनच आली असंल."

तिने हात गोधडीत आणखी आत ओढले. मग म्हणाली, "बरनीत बुरशी आली तं बरनीले इचारते का कोनी? हात कोनाचा लागला तेच पायते."

मी गोधडीत हात घातला आणि तिचा हात बाहेर ओढला. भेगाळलेला, खरखरीत. वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्या हातात आला होता. मी तो माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला. ती मागे घ्यायला लागली, पण तिच्यात जोर नव्हता.

"सोड वं शोभे. हात नाई धुतले मी."

"राहू दे."

त्या डोळ्याला दिसत नाही, पण पाणी येतं. तिच्या बोटांना ते लागलं. ती थांबली. मग दुसऱ्या हाताने चाचपडत तिने पदराचं टोक शोधलं आणि माझा डोळा पुसला.